रनिंग झालेली सेडान आणि ट्रॅक-डे

ट्रॅक-डे म्हणजे शर्यतीसाठी बांधलेला बंदिस्त मार्ग ठरावीक शुल्क घेऊन सर्वसाधारण गाडीवाल्यांना दिवसभरासाठी खुला करण्याची पद्धत. तेथे क्रमांक काढले जात नाहीत, बक्षीस नसते आणि बहुतेक आयोजक फेरीची वेळही अधिकृतपणे मोजत नाहीत. समोरून वाहन येत नाही, मध्येच रिक्षा वळत नाही, खड्डा नसतो आणि गाडी मार्गाबाहेर गेलीच तर तिला थांबायला मोकळी जागा ठेवलेली असते. त्यामुळे ब्रेक किती अंतरात लागतो, टायर कुठवर धरून राहतात आणि आपला पाय नेमका कधी चुकतो हे तेथे शांतपणे पाहता येते. सार्वजनिक रस्त्यावर या मर्यादांची ओळख बहुधा अपघाताच्या क्षणीच होते.

स्वतःची रोजची गाडी घेऊन शर्यतीच्या मार्गावर जाण्याची प्रथा जुनी आहे. जर्मनीतील न्यूरबुर्गरिंग हा मार्ग १९२७ मध्ये सुरू झाला. त्याचा २०.८ किलोमीटरचा उत्तर वळसा शर्यती नसतील त्या दिवशी टोल भरून कोणालाही वापरता येतो. ब्रिटनमध्ये दुसऱ्या महायुद्धानंतर ओस पडलेल्या विमानतळांच्या धावपट्ट्यांवर मोटारींचे मार्ग उभे राहिले आणि आज त्यांतील कित्येक ठिकाणी ट्रॅक-डे भरतात. अमेरिकेत २००६ पासून 'ट्वेंटी-फोर अवर्स ऑफ लेमन्स' ही स्पर्धा होते. सुरक्षेची साधने वगळता गाडीची किंमत ५०० डॉलरपेक्षा जास्त नसावी, हा तिचा मूळ नियम. जुनी गाडीसुद्धा तासन्‌तास जोरात चालू शकते, मात्र तिचे काम नीट केलेले असले पाहिजे, हे या स्पर्धेने हजारो लोकांना दाखवून दिले.

भारतातही सुरुवात धावपट्ट्यांवरच झाली. चेन्नईजवळचे शोलावरम, कोलकात्याजवळचे बराकपूर आणि मुंबईतील जुहू येथील विमानतळांवर एके काळी फियाट आणि ॲम्बेसेडर शर्यतीत धावत. पुढे चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टै येथे सुमारे ३.७ किलोमीटरचा कायमस्वरूपी मार्ग झाला, कोईमतूरजवळ २.१ किलोमीटरचा कारी मोटर स्पीडवे झाला आणि २०११ मध्ये ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर फॉर्म्युला वनची इंडियन ग्रां प्री भरली. महाराष्ट्रात मोटारी बनतात, विकल्या जातात आणि त्यांच्यावर जीव टाकणारी माणसेही भरपूर आहेत, तरी पूर्ण आकाराचा मार्ग मात्र दीर्घकाळ नव्हता. कोल्हापूरच्या मोहिते रेसिंग अकादमीचा कार्टिंग ट्रॅक आणि ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवरची सरळ रेषेतली धाव, एवढ्यावर भागत असे. अलीकडे मावळात तळेगाव दाभाड्याजवळ नाणोली येथे स्पीडवे उभा राहिला आणि मुंबई-पुणे पट्ट्यातील हौशी चालकाला सकाळी निघून संध्याकाळी घरी परतता येईल इतक्या अंतरावर ट्रॅक आला.

या बदलाचा सर्वाधिक उपयोग होऊ शकतो तो अंबरनाथ, उल्हासनगर, बदलापूर यांसारख्या गावांतील गाड्यांना. येथील एमएच-०५ क्रमांकाच्या खासगी गाड्यांचे रनिंग झपाट्याने वाढते. काटई नाक्याकडून नवी मुंबई, तळोज्याकडून पनवेल किंवा थेट ठाणे-मुंबई असा रोजचा प्रवास ६०-७० किलोमीटरचा झाला तर वर्षाला वीस हजार सहज होतात आणि सात-आठ वर्षांत गाडी दीड लाखांच्या घरात जाते. दीड लाख हा आकडा ऐकला की जुन्या गाड्यांच्या बाजारात भाव कोसळतो. प्रत्यक्षात इंजिनाच्या दृष्टीने लांब पल्ल्याचे, गरम इंजिनावर झालेले किलोमीटर हे स्टेशनपर्यंतच्या दोन-दोन किलोमीटरच्या थंड फेऱ्यांपेक्षा फार कमी झिजवणारे असतात. वेळेवर ऑइल बदललेली दीड लाखांची सेडान ही चाळीस हजारांच्या दुर्लक्षित गाडीपेक्षा ट्रॅकवर अधिक भरवशाची ठरते. आकडा पाहण्यापेक्षा बिलांची फाइल पाहावी.

ट्रॅकसाठी सेडान निवडण्याची भारतात मोठी परंपरा आहे. मारुती एस्टीम आणि पहिली होंडा सिटी यांच्यावर हौशी शर्यतपटूंची एक अख्खी पिढी घडली. चाकणच्या कारखान्यात बनलेल्या फोक्सवॅगन व्हेंटोची २०१५ मध्ये स्वतंत्र शर्यतमालिकाच झाली. औरंगाबादजवळ शेंद्र्याला जुळणी झालेल्या स्कोडा ऑक्टाव्हियाला आजही ट्रॅकवर मान आहे. या प्रकरणात उदाहरणासाठी २००८ मध्ये आलेली तिसऱ्या पिढीची होंडा सिटी घेतली आहे. १.५ लिटरचे इंजिन, ११८ पीएस शक्ती, १४६ न्यूटन-मीटर टॉर्क, वजन साधारण ११०० किलो, पुढे डिस्क आणि मागे ड्रम. ही गाडी घरोघरी होती, तिचे सुटे भाग सर्वत्र मिळतात आणि तिच्या खोडी प्रत्येक मिस्त्रीला पाठ आहेत. ट्रॅकसाठी हे तिन्ही गुण महत्त्वाचे.

कमी शक्तीची गाडी शिकणाऱ्याला अधिक मानवते, त्याला गणिताचा आधार आहे. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. सरळ पट्ट्याच्या शेवटी एक गाडी १५० च्या वेगाने पोहोचली आणि तेवढ्याच वजनाची दुसरी २०० ने, तर दुसरीच्या ब्रेकना जवळजवळ पावणेदोन पट ऊर्जा जिरवावी लागते. चालकाला विचार करायला मिळणारा वेळही कमी होतो. सिटीसारख्या गाडीत चूक सावकाश उलगडते आणि ती सुधारण्याइतका अवकाश मिळतो. शिवाय वळणात गमावलेला वेग इंजिनाच्या जोरावर भरून काढता येत नाही, त्यामुळे चालकाला वळणच नीट घ्यायला शिकावे लागते.

गाडी जुन्या बाजारातून घ्यायची असेल तर अंबरनाथ-बदलापूर परिसरात एक चौकशी सर्वांत आधी करावी: गाडी कधी पुराच्या पाण्यात उभी होती का? २६ जुलै २००५ चा पाऊस सर्वांच्या लक्षात आहे. जुलै २०१९ मध्ये उल्हास नदीच्या पुरात महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीदरम्यान अडकली, तेव्हाही नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले होते. पाण्यात राहिलेली गाडी धुऊन-पुसून चकचकीत करता येते, पण वायरिंगच्या जोडांत शिरलेला गंज वर्षानुवर्षे काम करत राहतो. सीटखालचे बोल्ट, सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढल्यावर दिसणारी त्याची मुळाकडची पट्टी आणि डिकीतल्या स्टेपनीखालची जागा पाहिली की गाळाची खूण सापडते. ट्रॅकवर एबीएस किंवा रेडिएटरचा पंखा ऐन वेळी बंद पडणे परवडणारे नसते. अशी गाडी स्वस्तात मिळाली तरी सोडून द्यावी.

तयारीत पहिला मान ब्रेकचा. चालकासह १२०० किलो वजनाची गाडी १५० वरून ६० किलोमीटरवर आणताना ब्रेकना सुमारे ८७५ किलोज्यूल ऊर्जा उष्णतेत बदलावी लागते. तीन लिटर पाणी ३० अंशांपासून उकळीपर्यंत न्यायला साधारण तेवढीच उष्णता लागते आणि ब्रेकमध्ये ती चार-पाच सेकंदांत तयार होते. एका फेरीत असे दोन-तीन प्रसंग येतात आणि पंधरा मिनिटांच्या सत्रात ते पुन्हा पुन्हा येत राहतात. डिस्क चारशे अंशांच्या वर सहज जाते. ही उष्णता पॅडमधून कॅलिपरमध्ये आणि तेथून ब्रेक ऑइलमध्ये उतरते.

ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते आणि ओलावा वाढला की त्याचा उत्कलनबिंदू घसरतो. 'डॉट ३' प्रतीचे ताजे ऑइल किमान २०५ अंशांपर्यंत उकळता कामा नये असा निकष आहे. ओलावा मुरल्यावर हाच निकष १४० पर्यंत खाली येतो. 'डॉट ४' साठी हे आकडे २३० आणि १५५, तर 'डॉट ५.१' साठी २६० आणि १८० असे आहेत. चार महिने ज्या हवेत कपडे वाळत नाहीत, त्या हवेत गाडी उभी असते हे लक्षात घेता, पावसाळा संपल्यावर ट्रॅकवर जाण्याआधी ऑइल बदलणे सक्तीचेच समजावे. ऑइल उकळले की नळीत वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. पेडल मऊ होत थेट तळाला जाते आणि गाडी मात्र थांबत नाही. 'डॉट ५' हा सिलिकॉनचा वेगळा प्रकार आहे. नावातल्या साम्यावर जाऊन तो या गाड्यांत ओतू नये.

ऑइल बदलण्याचे काम कोणत्याही बऱ्या गॅरेजात होते, पण ते समोर उभे राहून पाहावे. एक जण सीटवर बसतो, दुसरा चाकापाशी. कॅलिपरच्या निपलला पारदर्शक नळी लावून तिचे टोक बाटलीत सोडलेले असते. खालून आवाज येतो, 'दाब... धर...' मग निपल सैल होतो, चहासारखे तपकिरी ऑइल नळीतून उतरते, निपल पुन्हा आवळला जातो आणि मगच 'सोड' म्हटले जाते. हा क्रम चुकून निपल उघडा असताना पेडल सुटले तर नळीतून हवा आत ओढली जाते. चारही चाकांना नळीतून नवे, फिकट पिवळे ऑइल येईपर्यंत हे चालते, आणि या सर्व वेळात वरची टाकी रिकामी होऊ द्यायची नसते. घाईच्या गॅरेजात फक्त टाकीतले ऑइल काढून नवे ओततात. त्याने कॅलिपरमधले जुने ऑइल जागचे हलत नाही, आणि उकळते ते नेमके तेच.

पॅडचा मसाला निम्म्याहून अधिक शिल्लक असावा. पातळ पॅड उष्णता अडवत नाही, ती सरळ ऑइलकडे जाऊ देतो. डिस्कच्या कडेवर किंवा घंटीच्या भागावर किमान जाडीचा आकडा कोरलेला असतो. व्हर्नियरने मोजून तो पडताळावा. पॅड तापून निकामी होणे आणि ऑइल उकळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि पायाला त्या वेगळ्या जाणवतात. पॅड तापला की पेडल घट्टच राहते, पण गाडी पूर्वीसारखी थांबत नाही आणि जळका वास येतो. अशा वेळी दोन फेऱ्या सावकाश मारल्या की पकड परत येते. पेडल मऊ झाले तर त्या दिवसापुरती गाडी उभी करावी, यात तडजोड नाही. नवशिक्याला महागडे शर्यती पॅड लागत नाहीत. कंपनीच्या प्रतीचे नवे पॅड, ताजे 'डॉट ४' आणि छोटी सत्रे एवढ्यावर पहिले दोन-चार ट्रॅक-डे व्यवस्थित होतात.

टायरच्या बाबतीत नक्षीची खोली पाहून भागत नाही, वयही पाहावे लागते. टायरच्या बाजूवर चार अंक असतात. पहिले दोन आठवडा सांगतात, पुढचे दोन वर्ष. २३१९ म्हणजे २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला टायर. उन्हात उभ्या राहणाऱ्या गाडीचा पाच-सहा वर्षांपूर्वीचा टायर नक्षी शिल्लक असूनही कडक झालेला असतो आणि तापल्यावर त्याचे तुकडे सुटू लागतात. हवा थंड टायरमध्ये दाराच्या चौकटीवरील तक्त्याप्रमाणे भरून सुरुवात करावी. सत्र संपल्यावर ती चार-सहा पीएसआयने वाढलेली दिसते, आणि वाढ फार असेल तर थोडी सोडावी लागते. किती सोडायची हे ठरवण्याची एक जुनी, बिनखर्चाची युक्ती आहे: टायरच्या खांद्यावर, नक्षीकडून बाजूच्या भिंतीपर्यंत खडूची आडवी रेघ ओढायची. सत्रानंतर रेघ बाजूच्या भिंतीवरही पुसली गेली असेल तर टायर वळणात मोडतो आहे, म्हणजे हवा कमी आहे. रेघ खांद्याच्या अलीकडेच शिल्लक राहिली तर हवा जास्त आहे. परतीच्या प्रवासाआधी हवा पुन्हा तक्त्याप्रमाणे करायला विसरू नये. चाकांचे नट पान्याच्या अंदाजाने न आवळता टॉर्क रेंचने आवळावेत. सिटीसाठी हा आकडा १०८ न्यूटन-मीटर आहे, आणि पहिल्या सत्रानंतर तो पुन्हा तपासायचा असतो.

दीड लाख किलोमीटर झालेल्या गाडीत झीज सर्वांत जास्त दिसते ती खालच्या बाजूला. लोअर आर्मचे बुश, बॉल जॉइंट, टाय रॉडचे टोक, लिंक रॉड, शॉकॲब्सॉर्बर आणि इंजिनाचे माउंटिंग हे सगळे रबराचे किंवा रबरावर अवलंबून असलेले भाग आहेत, आणि कल्याण-बदलापूर पट्ट्यातील खड्डे त्यांच्यावर मायलेजपेक्षा जास्त परिणाम करतात. बुश फाटला असेल तर जोरात ब्रेक लावताना चाक मागे सरकते, ॲलाइनमेंट क्षणभर बदलते आणि गाडी एका बाजूला ओढते. रस्त्यावर हे ४० च्या वेगाने कळतही नाही. म्हणून गाडी लिफ्टवर घेऊन प्रत्येक सांधा पहारीने हलवून पाहावा. चाक वर-खाली आणि डावी-उजवीकडे हलवल्यास बेअरिंगचा खुळखुळ हाताला लागतो. बदललेले बुश आणि ताजे ॲलाइनमेंट यांनी जुन्या सेडानमध्ये जो फरक पडतो, तो रुंद चाके आणि आवाज करणारा सायलेन्सर लावून पडत नाही. हौशी मंडळींचा खर्च मात्र बहुतेक वेळा उलट क्रमाने होतो.

इंजिनाचे काम त्या मानाने सरळ आहे. ऑइल आणि फिल्टर नवे असावेत आणि पातळी डिपस्टिकच्या वरच्या खुणेवर असावी. लांब वळणात ऑइल तळपात्राच्या एका बाजूला जाते आणि पातळी आधीच कमी असेल तर पंप हवा ओढतो. जुनी इंजिने थोडे ऑइल खातात, म्हणून प्रत्येक सत्रानंतर डिपस्टिक पाहावी. कूलिंगमध्ये या भागातील नेहमीचा दोष म्हणजे कूलंटऐवजी ओतलेले बोअरचे पाणी. त्यातील क्षारांचा थर रेडिएटरच्या नळ्यांत बसतो आणि गाडी वाहतुकीत निभावते, पण पाच-सहा हजार आरपीएमवर दहा मिनिटे चालली की काटा चढू लागतो. रेडिएटरच्या कॅपचे रबर कडक झाले असेल तर दाब टिकत नाही आणि कूलंट लवकर उकळते. एवढी छोटी वस्तू, पण तिच्यामुळे संपूर्ण दिवस वाया गेल्याची उदाहरणे कोणत्याही ट्रॅकवर सापडतात.

अंबरनाथच्या शिवमंदिर परिसरातून निघालेल्या गाडीला नाणोलीकडे जायला दोन वाटा आहेत. एक तळोज्यावरून कळंबोलीला द्रुतगती मार्ग गाठण्याची, दुसरी बदलापूर, वांगणी, नेरळ, कर्जत करत खोपोलीला वर चढण्याची. कोणत्याही वाटेने बोरघाट लागतोच. गाडीने पहाटे घाट चढताना तापमानाचा काटा जागचा हलला नाही, तर कूलिंगची एक परीक्षा तेथेच पार पडली असे समजावे.

ट्रॅकवर पोहोचल्यावर गाडी रिकामी करायची असते. डिकीतली छत्री, पाण्याच्या बाटल्या, डॅशबोर्डवरचा गणपती, पायाखालच्या सुट्या मॅट, सगळे बाहेर. ब्रेक पेडलखाली घरंगळलेली बाटली ही या खेळातील सर्वांत टाळता येण्यासारखी दुर्घटना आहे. मग तपासनीस गाडी पाहतो: बॅटरी घट्ट बसली आहे का, कुठे गळती आहे का, टायर, सीटबेल्ट, टो हुक. हेल्मेट सक्तीचे, कपडे सुती, बूट पातळ तळाचे. चालकांच्या बैठकीत झेंडे समजावले जातात. पिवळा झेंडा म्हणजे पुढे धोका आहे, वेग कमी करा आणि कोणाला ओलांडू नका. लाल म्हणजे सत्र थांबले, सावकाश पिटमध्ये या. निळा म्हणजे मागून जलद गाडी आली आहे, तिला वाट द्या. ओलांडणे फक्त ठरवून दिलेल्या सरळ पट्ट्यांवर आणि पुढच्याने हाताने किंवा इंडिकेटरने खूण केल्यावरच होते. वळणात कोणाच्याही शेजारी गाडी घालायची नाही, हा ट्रॅक-डेचा पाया आहे.

चालवण्यातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे मार्गाची पूर्ण रुंदी वापरणे. रस्त्यावर एका बाजूने चालण्याची सवय इतकी मुरलेली असते की नवा चालक ट्रॅकवरही एकाच बाजूला चिकटून राहतो. समजा, वळणाची त्रिज्या ५० मीटर आहे आणि टायर गुरुत्वाकर्षणाच्या ०.८५ पट बाजूचा जोर पेलतात. तर त्या वळणातून जास्तीत जास्त सुमारे ७३ किलोमीटर वेगाने जाता येईल. तेच वळण बाहेरच्या कडेने सुरू करून, आतल्या कडेला स्पर्शून, पुन्हा बाहेरच्या कडेला नेले तर गाडीच्या वाटेची त्रिज्या ७५ मीटर होऊ शकते आणि कमाल वेग ९० वर जातो. तीच गाडी, तेच टायर, तेच इंजिन. सतरा किलोमीटरचा हा फरक कोणताही सुटा भाग विकत घेऊन मिळत नाही.

आतल्या कडेला स्पर्श करण्याच्या जागेला अपेक्स म्हणतात. नवशिका तो फार लवकर गाठतो, कारण वळण दिसताच स्टीअरिंग फिरवण्याची घाई होते. लवकर अपेक्स घेतला की वळण संपताना रस्ता अपुरा पडतो आणि गाडी बाहेरच्या मातीकडे जाऊ लागते. अपेक्स थोडा उशिरा ठेवला तर आत शिरताना वेग कमी ठेवावा लागतो, पण बाहेर पडताना स्टीअरिंग सरळ होत जाते आणि ॲक्सिलरेटर आधी देता येतो. कमी शक्तीच्या गाडीला पुढच्या सरळ पट्ट्यावर त्याचा फायदा शेवटपर्यंत मिळतो.

ब्रेक सरळ रेषेत, एकदाच आणि पहिल्या क्षणी जोरात लावायचा, मग वळणाकडे जाताना हलका करत सोडायचा. रस्त्यावर नेमके उलट होते: आधी हळू, शेवटी घाबरून जोरात. ब्रेक लागताच वजन पुढे सरकते. १२०० किलोच्या गाडीत गुरुत्वमध्य अर्धा मीटर उंचीवर आणि दोन्ही आसांमधील अंतर २.५५ मीटर धरले, तर जोरदार ब्रेकमध्ये दोनशे किलोहून अधिक भार मागच्या चाकांवरून पुढच्यांवर जातो. पुढे आधीच सातशे किलोच्या आसपास भार असतो, तो नऊशेच्या वर जातो आणि मागे अडीचशे-पावणेतीनशे किलो उरतात. मागे ड्रम ब्रेक असूनही या गाड्यांचे भागते ते यामुळेच. पण याच गणितात एक धोका आहे. वळणाच्या मध्यावर वेग जास्त झाला असे वाटून चालकाने ॲक्सिलरेटर एकदम सोडला किंवा ब्रेक दाबला, तर मागची चाके ऐन वळणात हलकी होतात आणि गाडीची शेपटी बाहेर फिरते. पुढच्या चाकांना शक्ती असलेली गाडी फिरत नाही, हा समज खोटा आहे. वळणात पाय स्थिर ठेवायचा आणि नजर बोनेटवर न ठेवता पुढे जायच्या जागेकडे न्यायची, ही सवय लागेपर्यंत वेग वाढवू नये.

अशा गाडीत सर्वांत जास्त भेटणारी अवस्था म्हणजे अंडरस्टीअर: स्टीअरिंग फिरवले तरी गाडी सरळच जात राहते. पुढचे टायर करकरू लागतात आणि स्टीअरिंग हलके पडते. घाबरून ते आणखी फिरवले की पुढचे टायर अधिकच घासतात. येथे स्टीअरिंग किंचित सोडणे आणि ॲक्सिलरेटर हळूच कमी करणे हाच उपाय. सिटीसारख्या सेडानमध्ये ही सूचना ७०-८० च्या वेगालाच मिळते, त्यामुळे एका दिवसात तिचा सराव अनेकदा करता येतो.

प्रत्येक सत्राची शेवटची फेरी सावकाश, शक्यतो ब्रेक न वापरता घ्यायची, म्हणजे वारा डिस्क थंड करतो. पिटमध्ये आल्यावर हँडब्रेक ओढायचा नाही. तापलेला लाइनर ड्रमला चिकटतो. गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवून चाकाखाली वीट लावावी आणि बोनेट उघडावे. एका दिवसात चार-पाच सत्रे पुरेशी होतात. शेवटचे सत्र थकलेल्या चालकाचे आणि झिजलेल्या पॅडचे असते, आणि सोडायचेच झाले तर तेच सोडावे. कारण याच गाडीने घरी जायचे आहे आणि बोरघाट आता उतरायचा आहे. निघण्यापूर्वी पॅडची जाडी, टायर, ऑइल आणि कूलंट पाहावे. घाटात गिअर खाली ठेवून इंजिनाच्या ब्रेकवर उतरावे. दिवसभर मोकळ्या मार्गावर वावरलेल्या डोळ्यांना शंभरचा वेग संथ वाटू लागतो, म्हणून निघण्याआधी तासभर विश्रांती घेणे हाही देखभालीचाच भाग धरावा.

कायद्याची बाजू स्पष्ट आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १८९ नुसार राज्य शासनाच्या लेखी संमतीशिवाय सार्वजनिक ठिकाणी शर्यत लावणे किंवा वेगाची चाचणी घेणे हा गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, आणि पुन्हा केल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. काटई-बदलापूरसारख्या रुंद रस्त्यावर रात्री गाडी पळवणाऱ्यालाही हेच कलम लागू होते. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते आणि त्यानंतर ती पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण करून घ्यावी लागते. सीट काढणे किंवा आत पिंजरा बसवणे यांसारखे मूळ रचनेतील बदल केलेली गाडी रस्त्यावर आणणे कलम ५२ च्या विरोधात जाऊ शकते, म्हणून रोज वापरायच्या सेडानमध्ये ते करू नयेत.

राहिला विमा. भारतातील खासगी गाडीच्या नेहमीच्या पॉलिसीत वापराच्या मर्यादा छापलेल्या असतात आणि त्यांत आयोजित शर्यत व वेगाची चाचणी यांसाठीचा वापर वगळलेला असतो. ट्रॅकवर गाडीचे नुकसान झाले तर ते मालकाच्या खिशातून भरावे लागेल, असे धरूनच चालावे. फी भरण्यापूर्वी पॉलिसीचे ते पान एकदा वाचावे, आयोजकाच्या संमतिपत्रावर सही करण्याआधी तेही संपूर्ण वाचावे, आणि गाडी गमावणे परवडणार नसेल तर वेग त्या हिशेबाने ठेवावा.